आमची पहिली तिहेरी शर्यत

शर्यत म्हटली म्हणजे "पहिला कोण आला?" हा प्रश्न सर्वांच्या तोंडीं प्रथम येतो, आणि तें स्वाभाविकही आहे. परंतु त्याच शर्यतीविषयीं दुसराही एक प्रश्न विचारण्यासारखा असतो. ज्यानें अशी शर्यत आयुष्यांत पूर्वीं कधींच केली नव्हती, त्याला त्या दिवशीं काय लाभलें? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत आमचें नांव येईल अशी शंका आम्हांस किंवा आमच्या हितचिंतकांस क्षणभरही शिवली नव्हती. दुसऱ्याचें उत्तर मात्र आम्हांस देतां येईल असें वाटतें, आणि तें विद्यार्थी व पालक या उभयतांच्या उपयोगीं पडेल या आशेनें आम्ही या वार्षिकांत चार शब्द लिहीत आहों.

जिला ट्रायथलॉन म्हणतात ती ही शर्यत. नांव ग्रीक शब्दांवरून बनविलेलें असून त्याचा अर्थ तीन स्पर्धा असा आहे. म्हणून आम्ही तिला येथें तिहेरी शर्यत म्हणूं. प्रथम पोहावयाचें, मग सायकल चालवावयाची आणि शेवटीं धांवावयाचें. मध्यें घड्याळ थांबत नाहीं. एका खेळांतून दुसऱ्यांत जातांना पायांत बूट चढविण्यास जो वेळ लागतो, तोही शर्यतीच्या वेळांतच धरला जातो. पोहणें प्रथम ठेवण्यांत शहाणपण आहे. थकलेला मनुष्य जमिनीवर असला तर खालीं बसतो. पाण्यांत असला तर त्याच्या जिवावर बेततें. ऑलिंपिकमध्यें १५०० मीटर पोहणें, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धांवणें अशीं अंतरें असतात. बहुतेक नवशिके जिच्यांत उतरतात त्या आंखूड शर्यतींत तीं बरोबर निम्मीं होतात, म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर व ५ किलोमीटर. 'आंखूड' हा शब्द कागदावर फार निरुपद्रवी दिसतो.

हा खेळ जुना नव्हे. अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं जॅक जॉनस्टन व डॉन शॅनहन या दोघांनीं २५ सप्टेंबर १९७४ रोजीं मिशन बे या खाडीच्या कांठीं ती प्रथम भरविली, आणि तींत ४६ जण उतरले. त्यांपैकीं एक, नौदलांतील अधिकारी जॉन कॉलिन्स, यांनीं पुढें हवाई बेटांतील ओआहू येथें १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं तिचें प्रचंड रूप जगापुढें आणलें. जवळजवळ चार किलोमीटर पोहणें, सुमारें १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर पूर्ण मॅरेथॉन! पंधरा जण निघाले व बारा जण पोंचले. त्यांत पहिल्या आलेल्या गॉर्डन हॉलर यांस ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंद लागले. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें या खेळास प्रवेश मिळाला, आणि २०१९ च्या ऑक्टोबरांत गोव्यांतील मिरामारच्या किनाऱ्यावर हवाईच्या शर्यतीच्या निम्म्या अंतराची शर्यत झाली. आमची गोष्ट मात्र इतक्या दूरची नाहीं. ती कोल्हापुरांतील राजाराम तलावावर घडली. कोल्हापूर हें तालमींचें शहर. येथें अंगांत ताकद असणें ही नवलाची गोष्ट मानीत नाहींत, नसणें हीच मानतात.

सायकलीचें किंवा धांवण्याचें आम्हांस भय नव्हतें. भय होतें तें पाण्याचें, आणि तें निष्कारण नव्हतें. १९८६ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या गांवच्या विहिरींत आमचा चुलतभाऊ बुडाला. तो ११ वर्षांचा होता, आम्ही ८ वर्षांचे. पोहणें शिकतांना कमरेस बांधावयाचा सुका भोपळा त्या दिवशीं कांठावरच राहिला होता. तो भोपळा मोठी माणसें घरीं घेऊन आलीं तें आम्हांस अजून आठवतें. त्या दिवसापासून आमच्या मातोश्रींनीं विहिरीकडची वाटच आम्हांस वर्ज्य केली. "पाण्यापासनं लांब ऱ्हा, लेकरा. एवढंच मागणं हाय माझं," असें त्या म्हणत. आम्हीं तें मागणें अडतीस वर्षें पाळलें. गुडघ्याहून अधिक खोल पाण्यांत आम्ही कधीं उतरलों नाहीं. पुढें आमच्या घरीं कन्या जन्मली, आणि तीही ९ वर्षांची होईपर्यंत पाण्यापासून दूरच वाढली. भीति ही घरांतील जुन्या भांड्यांप्रमाणें एका पिढीकडून दुसरीकडे जाते. ती कोणी मागून घेत नाहीं आणि कोणी टाकूनही देत नाहीं.

आम्ही शाळेंत भूमिति शिकवितों. "भिऊं नका, प्रयत्न करा," हें वाक्य आम्हीं वर्गांत किती वेळां उच्चारलें असेल याची गणती नाहीं. एके दिवशीं नववीच्या वर्गांत शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा फळ्यापाशीं येईना. आम्हीं आमचें तें वाक्य उच्चारलें. तेव्हां त्यानें अगदीं नम्रपणें विचारलें, "सर, तुम्हांला कशाची भीति वाटते?" वर्ग हंसला. आम्हीं खरें तें सांगितलें, "पाण्याची." हा मुलगा पोहण्यांत जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांतून बक्षिसें मिळविणारा होता. तो म्हणाला, "मग मी शिकवतो, सर." या वेळीं वर्ग हंसला नाहीं. सर्वजण आमच्या तोंडाकडे पाहूं लागले, आणि त्या चाळीस डोळस साक्षीदारांसमोर आम्हीं होकार दिला.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज पहाटे शहरांतील पोहण्याच्या तलावावर गुरुशिष्यांचें नातें उलटें झालें. पहिला धडा हातपाय मारण्याचा नव्हता, श्वास सोडण्याचा होता. भ्यालेला मनुष्य पाण्यांत तोंड बुडतांच श्वास कोंडून धरतो. मग जी घुसमट होते ती प्राणवायु संपल्यामुळें होते असें आपणांस वाटतें. वस्तुतः ती बहुतांशीं शरीरांत कर्बवायु सांचल्यामुळें होते. तोंड पाण्यांत असतां श्वास सावकाश सोडीत गेलें म्हणजे तोंड वर येतांच नवा श्वास आपोआप आंत येतो. दुसरा धडा आमच्या भूमितीच्या जवळचा होता. पाण्यावर आडवें शरीर म्हणजे एक तागडी होय. भीतीनें डोकें वर उचललें कीं पाय खालीं जातात, आणि पाय खालीं गेले कीं सारें शरीर पाण्याला आडवें येऊन गति खुंटते. म्हणजे वर राहण्याकरितां डोकें खालीं घालावें लागतें! हें आम्हांस कागदावर पांच मिनिटांत पटलें. मानेला पटण्यास पांच आठवडे लागले.

या चौदा वर्षांच्या शिक्षकाची एक रीत आम्हीं ध्यानांत ठेविली आहे. "हें सोपें आहे," असें तो कधीं म्हणाला नाहीं. तो आमच्यापासून दोन हात अंतरावर उभा राही. आम्ही धडपडत त्याच्यापाशीं पोंचलों कीं आम्हांस त्याचा हात धरूं देई, आमचा श्वास शांत झाला कीं हात काढून घेई आणि एक पाऊल मागें सरे. त्यानें आम्हांस एकदांही ओढलें नाहीं. पहिल्या महिन्याच्या अखेरीस २५ मीटरांचा तो तलाव आम्हीं एकदां ओलांडला. चौथ्या महिन्यांत न थांबतां त्याच्या ३० खेपा झाल्या, म्हणजे ७५० मीटर भरले. त्या दिवशीं त्या मुलानें सांगितलें, "सर, आता तळ्यात उतरायचं."

तोंपर्यंत मातोश्रींस कांहीं सांगितलें नव्हतें असें नव्हे. पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें, आणि त्यांनीं ऐकून न ऐकल्यासारखें केलें होतें. परंतु भिंतींनीं बांधलेला तलाव निराळा आणि तळें निराळें. शर्यतीचा अर्ज भरण्यापूर्वीं आम्ही त्यांच्यापुढें जाऊन बसलों. वय वर्षें ४६, डोक्यावर पांढरे केंस, आणि आईकडे पोहण्याची परवानगी मागणें! वाचकांस हंसूं येईल. पण ज्या घरांत पाण्यानें एक मूल नेलें आहे त्या घरांत ही परवानगी वयानें मिळत नाहीं. त्या दोन दिवस बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं भाकरी थापतां थापतां, मान वर न करतां, म्हणाल्या, "मीबी येणार. काठाला बसणार."

हिवाळ्यांतील एका रविवारीं, तांबडें फुटण्यापूर्वीं आम्ही राजाराम तलावावर पोंचलों. दंडावर काळ्या शाईनें क्रमांक लिहिला गेला, घोट्याला वेळ मोजणारी पट्टी बांधली गेली, आणि रंगीत टोप्या घातलेला सुमारें शंभर जणांचा थवा कांठीं जमला. पंचांनीं नियम वाचून दाखविले. हेल्मेटचा बंद लावल्यावांचून सायकलीस हात लावूं नये. सायकलीवर दुसऱ्याच्या पाठीस चिकटून त्याच्या आडोशाचा लाभ घेऊं नये. असे ते नियम होते. त्यांतच एक असा निघाला कीं, पोहतांना कोणी थकल्यास बचावाकरितां ठेवलेल्या नावेला धरून विसांवा घेण्यास मुभा आहे, मात्र तिच्या आधारें पुढें सरकण्यास मुभा नाहीं. आम्हीं तो ऐकला आणि पुढच्या क्षणीं विसरलों. कारण शिट्टी झाली होती.

तळ्यांत तळाची निळी रेघ नसते आणि धरावयास भिंत नसते. पाणी गढूळ असल्यानें पुढें केलेला आपलाच हात आपणांस दिसत नाहीं. दूरवर नारिंगी फुगे तरंगत असतात, आणि दर आठ-दहा हातांमागें मान वर काढून ते कोठें आहेत हें पाहावें लागतें. चोहों बाजूंनीं पाय आणि कोंपरें लागत होतीं. सुमारें ३०० मीटर गेल्यावर कोणाच्या तरी पायानें उडालेलें पाणी नाकांत शिरलें, ठसका लागला, आणि ज्याची आम्हीं इतके महिने मनधरणी केली होती तो श्वास एकाएकीं कोंडला. त्या क्षणीं आम्ही ४६ वर्षांचे राहिलों नाहीं. ८ वर्षांचे झालों. डोळ्यांपुढें विहिरीच्या कांठावरचा तो भोपळा आला.

जवळच नाव होती. आम्हीं तिच्या कांठाला हात घातला. नावेंतील तरुण घाबरा झाला नाहीं, त्यानें आम्हांस वर घेण्याची घाईही केली नाहीं. तो इतकेंच म्हणाला, "धरा सर. वेळ आहे." आम्ही धरून राहिलों. कांठाकडे पाहिलें, तेथें लोकांची गर्दी होती आणि तिच्यांत एक हिरवें लुगडें दिसल्यासारखें झालें. तें मातोश्रींचेंच होतें असें शपथेवर सांगतां येणार नाहीं. त्या वेळीं मात्र आम्हीं तें तसें धरून चाललों. तोंड पाण्यांत घालून एकदां श्वास सोडला. मग दुसऱ्यांदां. तिसऱ्यांदां छाती मोकळी झाली. नाव जागची हलली नव्हती आणि आम्हीही तिच्यासवें तसूभर पुढें गेलों नव्हतों. उरलेले ४५० मीटर आमच्याच पुढें, आमचेच म्हणून, पसरलेले होते. आम्हीं हात सोडला.

पाण्याबाहेर आलों तेव्हां घड्याळांत २७ मिनिटें झालीं होतीं. ओल्या पायांत मोजे चढेनात. हेल्मेटचा बंद आधीं, सायकल मागाहून, हें मनाशीं घोकीत ती चढविण्याच्या रेषेपर्यंत हातानें धांवत नेली. सायकलीचे २० किलोमीटर आम्हांस फार सुखाचे गेले. हवेंत गारवा होता. दोन्ही बाजूंस ऊस उभा होता. कोठल्याशा गुऱ्हाळावरून काहिलींत उकळणाऱ्या रसाचा वास येत होता. आमची सायकल साधी, गिअरची, रोज शाळेंत नेण्याची. पातळ चाकांच्या सायकलींवरील तरुण मंडळी वाऱ्यासारखी पुढें निघून जात होती. आमच्या कन्येहून फार मोठी नसेल अशी एक मुलगी जातां जातां "चला काका, चला!" असें ओरडून गेली. 'काका' हा शब्द आम्हांस त्या दिवशीं जितका गोड वाटला तितका पूर्वीं कधीं वाटला नव्हता. आम्ही अद्याप उसाच्या शेतांतून जात असतांनाच पहिला आलेला तरुण अंतिम रेषा ओलांडून गेला, हें आम्हांस मागाहून कळलें.

सायकलीवरून उतरून धांवूं लागलें म्हणजे पाय आपले राहत नाहींत, असें आम्हांस सांगण्यांत आलें होतें, आणि तें अक्षरशः खरें ठरलें. जवळजवळ तासभर शरीराचा भार खोगिरावर असतो आणि पाय केवळ चक्राकार फिरत असतात. एकाएकीं सारा भार त्यांवर येतो आणि चालही निराळी करावी लागते. पाय लांकडाचे झाल्यासारखे वाटतात. उपाय एकच आहे: पावलें लहान टाकावीं आणि धीर सोडूं नये. एक किलोमीटर संपतां संपतां लांकडाचे पाय पुन्हां मांसाचे झाले. वाटेंत दोन ठिकाणीं लिंबू, मीठ व साखर घातलेलें पाणी मिळालें. त्याची चव येथें वर्णन करीत नाहीं. पांच किलोमीटर धांवणाऱ्यास ती ठाऊक असते, आणि न धांवणाऱ्यास लिहून कळावयाची नाहीं.

अंतिम रेषा ओलांडली तेव्हां २ तास ५ मिनिटें झालीं होतीं. आमच्या मागें चार जण उरले होते. मंडपाच्या कनाती सोडण्यास माणसांनीं आरंभ केला होता. तरीही कांठावर उभ्या असलेल्या मंडळींनीं टाळ्या वाजविल्या, आणि त्या पहिल्या आलेल्याकरितां वाजल्या असतील त्यांहून कमी मोठ्या नव्हत्या असें आमचें मत आहे. नववींतील आमचे गुरु तेथें उभे होते. त्यांनीं घड्याळ पाहून गंभीरपणें शेरा दिला, "पोहण्यात अजून चार मिनिटं निघतील, सर." मातोश्री हळूहळू पुढें आल्या. त्यांनीं आमच्याकडे आपादमस्तक पाहिलें, पदर पुढें केला आणि म्हणाल्या, "डोकं पूस आधी."

ही शर्यत होऊन आतां कांहीं महिने लोटले आहेत. तिच्यांतील नावेचा नियम मात्र आमच्या मनांतून जात नाहीं. वर्गांत फळ्यापाशीं उभ्या राहिलेल्या मुलास प्रमेयाची पहिली ओळ सुचत नाहीं, तेव्हां आम्ही आतां "भिऊं नका" असें म्हणत नाहीं. भीति आज्ञा करून जात नाहीं, हें आम्हांस तळ्यानें शिकविलें आहे. आम्ही त्याच्याजवळ जाऊन उभे राहतों, आकृति काढून देतों, त्यास हवा तितका वेळ ती धरून राहूं देतों. पुढची रेघ मात्र आम्ही काढीत नाहीं. आमच्या त्या शेवटच्या बाकावरच्या गुरूंनीं मागील महिन्यांत पायथागोरसचा सिद्धान्त फळ्यावर पूर्ण सिद्ध केला. मध्यें एकदां ते बराच वेळ थांबले होते. वर्ग शांत राहिला.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही ज्या गोष्टीस भितां ती आमच्याहून निराळी असेल. कोणास गणित, कोणास इंग्रजी, कोणास चार लोकांसमोर बोलणें. तींत उतरतांना दम लागला तर जवळ जी नाव असेल तिला निःसंकोच धरा. तसें करण्यास नियमाची मुभा आहे, आणि तींत कमीपणा नाहीं. मात्र श्वास परत येतांच हात सोडा. आणि पालकहो, आपल्यापैकीं बहुतेकांस आपलें मूल पाण्याबाहेर ठेवावें असें वाटतें किंवा त्यास ओढून पैलतीरीं न्यावें असें वाटतें. दोहोंच्या मुळाशीं प्रेमच असतें, हें आम्हांस आमच्या घरच्या अनुभवानें ठाऊक आहे. परंतु पाण्याबाहेर ठेविलेलें मूल पाण्यास भितच राहतें, आणि ओढून नेलेलें मूल पोहणें शिकत नाहीं. ज्या पाण्याशीं गांठ आज ना उद्यां पडणारच, तें जाणत्या माणसाच्या नजरेखालीं शिकून घेणें हाच त्यावरील खरा बंदोबस्त होय.

आमची कन्या आतां दर शनिवारीं पोहण्यास जाते. तिला घेऊन जाण्याचें काम तिच्या आजीनें आपण होऊन आपल्याकडे घेतलें आहे. ती मुलगी पाण्यांत असेपर्यंत आजी कांठावरच्या बांकावर पिशवी मांडीशीं धरून बसलेल्या असतात. त्यांची नजर पाण्यावरून हलत नाहीं, आणि त्या एक शब्दही बोलत नाहींत.